तुम्ही विचारलंत म्हणून: सह्याद्रीत मेखा, बदामीत बोल्ट आणि हंपीत गादी का?

‘सोलापुरातून प्रस्तरारोहण शिकायचं तर पुण्याकडे जावं की खाली कर्नाटकात?’ हा प्रश्न नेहमीचा. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: देश एकच, मग जागोजागी चढायची तऱ्हा वेगळी का? आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

नकाशात होटगीहून गदगकडे जाणारा रेल्वेमार्ग बघा. सोलापूर काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेलं. विजापूरपर्यंत तोच. कृष्णा ओलांडून बागलकोटच्या पुढे बदामी येतं, तिथे तांबडा वालुकाश्म. आणखी खाली होसपेट-हंपीला ग्रॅनाइट. दिवसभराच्या प्रवासात तीन खडक, आणि तिन्हींवरचा खेळ वेगळा.

सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. थराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि दोन थरांच्या सांध्यात कधी तांबड्या मातीची पट्टी. म्हणून कडा सरळ उठतो, मग गवताळ टप्पा, मग पुन्हा सरळ. टप्प्यावर घसारा आणि सुटे धोंडे. भेगा असतात, पण बऱ्याच मातीने बुजलेल्या. नट किंवा कॅम, म्हणजे भेगेत अडकवून दोर जोडायची धातूची साधनं, बसवली तरी झटका बसल्यावर भेगेची कडाच निघून हातात येते. त्यामुळे तैलबैलाच्या भिंती काय किंवा जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका काय, इथे पहिल्यापासून हातोडा, पिटॉन (भेगेत ठोकायच्या मेखा) आणि एक्सपान्शन बोल्ट (खणलेल्या भोकात फुलून बसणारे) यांचं राज्य.

पिटॉन ठोकताना कान उघडे ठेवायचे. प्रत्येक घावागणिक आवाज चढत गेला पाहिजे. तो एकदम भद्द झाला तर आत पोकळी आहे, काढून दुसरी भेग शोधा. बोल्टसाठी सच्छिद्र दगड टाळून घट्ट थर निवडायचा आणि भोकातली भुकटी फुंकून पूर्ण बाहेर काढायची, नाहीतर बोल्ट फुलतो पण धरत नाही. जुन्या बोल्टवर तर डोळे झाकून वजन टाकूच नये. कोकणकड्याकडचा पाऊस लोखंड आतून खातो, बाहेरून फक्त तांबूस ओघळ दिसतो. शिवाय आग्या मोहोळ: कड्यावर पोळं दिसलं तर चढाई रद्द, त्यात चर्चा नाही.

बदामीचा वालुकाश्म आडव्या थरांचा, धारदार कडांचा, बोटांच्या पेरांना पकड देणारा. भिंत ठिकठिकाणी अंगावर झुकलेली. तिथे परदेशी आरोहकांनी, त्यातही फ्रेंचांनी, पक्के बोल्ट ठोकून मार्ग आखले, म्हणून कठीणपणाची श्रेणीही फ्रेंच पद्धतीची, ६ए, ७बी अशी. सह्याद्रीत सवय झालेला माणूस विचारतो, ‘वर गेल्यावर काय?’ काही नाही. वरच्या अँकरला, म्हणजे मार्गाच्या शेवटी ठोकलेल्या पक्क्या आधाराला, दोर अडकवून खाली यायचं. सुळका सर करणं हा आपल्याकडचा ध्यास आहे, आणि तो खडकाइतकाच गडकोटांनी लावलाय असं आमचं मत. बदामीत बहुतेक मार्गांना ६० मीटरचा दोर पुरतो, पण बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, बाजूच्या टोकाला गाठ मारायचीच. न मारल्यास उतरवताना दोर संपून टोक बिले डिव्हाइसमधून निसटतं, आणि वरचा माणूस सरळ जमिनीवर येतो. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबा, कारण ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि पकड तुटते. लेणी आणि मंदिरांच्या भिंतींना हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

हंपीच्या गोल ग्रॅनाइटला ना पायऱ्या, ना फारशा भेगा. दगड बुटके, म्हणून दोर नको. खाली क्रॅश पॅडची गादी, हाताला चॉक (घाम टिपणारी पांढरी भुकटी) आणि पडणाऱ्याला गादीकडे वळवणारा साथीदार एवढं पुरे. दुखापत होते ती बऱ्याचदा दोन गाद्यांच्या फटीत पाय मुरगळून. ग्रॅनाइटचे स्फटिक बोटांची साल काढतात आणि ऊन चढलं की दगड भाजतो, त्यामुळे चढाई सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर.

बंगळूरजवळ रामनगर आणि सावनदुर्गलाही ग्रॅनाइटच, पण कलत्या पसरट भिंतींचा. तिथे हात जवळजवळ शोभेचे, सगळं काम बुटाच्या तळव्यावर. दिल्लीजवळ धौजला अरवलीचा क्वार्टझाइट, भेगा स्वच्छ आणि टणक. नट-कॅम लावून पारंपरिक चढाई करायची ती तिथे. लाहौलमध्ये छतरूला हिमनदीने आणून टाकलेले मोठे धोंडे, पण हंगाम जून ते सप्टेंबर.

आता पहिला प्रश्न. पहिली चढाई बदामीत, वरून दोर लावून करा. जाणकार सोबत हवाच. बोल्ट जवळजवळ असतात, दगड सहसा दगा देत नाही, पाय ठेवायला शिकता येतं. सह्याद्री त्यानंतर, तोही जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तिथे चढण्यापेक्षा सुटा दगड ओळखणं अवघड, आणि ते एकट्याने शिकायचं काम नाही.

गावाबाहेरच्या दगडखाणीत सराव करू का, असंही विचारतात. नको. सुरुंगाने तो दगड आतपर्यंत तडकलेला असतो. बाहेरून अखंड दिसणारी खपली मुठीने ठोकून बघा, रिकाम्या डब्यासारखी वाजेल. नळदुर्गचे कडेही नकोत, तो संरक्षित किल्ला आहे.