जमीन बदलली की धावणे बदलते

सध्या मी सरावाची जागा मुद्दाम बदलती ठेवली आहे. कधी ट्रॅक, कधी डांबरी रस्ता, कधी टेकडी किंवा झाडीतली पायवाट, आणि पावसाची झड थांबेनाशी झाली की ट्रेडमिल. या फिरतीतून एक गोष्ट मनात पक्की होत चालली आहे, ती आज नीट लिहून ठेवते. वेग एकट्या धावणाऱ्याचा नसतो. त्यात जमिनीचा, चढउताराचा आणि हवेचाही वाटा असतो, आणि म्हणूनच एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेला लावून स्वतःला जोखणे मला आता मुळीच पटत नाही.

ट्रॅकवर मात्र आकड्याला पूर्ण मान द्यावा. तिथे अंतर मोजूनमापून दिलेले असते, चढ नसतो, आणि सबब सांगायला जागाही नसते. अर्थात एका फेरीचे ४०० मीटर भरतात ते फक्त सर्वांत आतल्या लेनमध्ये. लेनची रुंदी १.२२ मीटर असल्यामुळे एकेक लेन बाहेर सरकले की प्रत्येक फेरीत साडेसात मीटरांहून अधिक भर पडते, आणि जोरात धावणाऱ्यांसाठी आतली लेन मोकळी सोडून बाहेरून धावणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवायलाच हवा. शिवाय ट्रॅकवर प्रत्येक वळण डावीकडचे. वेग वाढला की शरीर आतल्या बाजूला झुकते आणि दोन्ही पायांवर पडणारा ताण सारखा राहत नाही. म्हणून सावकाश धावायच्या दिवशी, ट्रॅक रिकामा असेल तरच, मी काही फेऱ्या उलट्या दिशेने घेते.

रस्त्यावर आकडा फसवायला लागतो, आणि तोही नकळत. २०११ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या जेफ्री मुताई यांनी २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. तोपर्यंत एवढ्या कमी वेळात मॅरेथॉन कोणीही धावले नव्हते, तरीही त्या वेळेची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली नाही. विक्रमासाठी मार्गाचा उतार सुरुवातीपासून शेवटापर्यंत किलोमीटरमागे सरासरी एका मीटरपेक्षा अधिक चालत नाही, आणि सुरुवात व शेवट यांतील सरळ रेषेतले अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त असून चालत नाही. बोस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नाही, आणि त्या दिवशी वाराही धावपटूंच्या पाठीशी होता. मुताई यांच्या धावण्याचे मोल याने तसूभरही कमी होत नाही असे माझे मत आहे, पण नियम योग्यच आहे. आपल्या रोजच्या रस्त्यावरही जाताना पाठीवर घेतलेला वारा येताना छातीवर येतो, आणि तो जेवढे देतो त्यापेक्षा जास्त परत घेतो.

हवेबद्दल लिहिताना १९६८ चे मेक्सिको सिटी ऑलिंपिक आठवल्याशिवाय राहत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवरच्या त्या विरळ हवेत बॉब बीमन यांनी ८.९० मीटर लांब उडी मारली आणि जिम हाइन्स १०० मीटर ९.९५ सेकंदांत धावले, दोन्ही विश्वविक्रम. त्याच मैदानावर १०,००० मीटरची शर्यत नफ्ताली तेमू यांनी जिंकली ती २९ मिनिटे २७ सेकंदांत, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक वेळ घेऊन. तो विश्वविक्रम ज्यांच्या नावावर होता ते रॉन क्लार्क सहावे आले आणि शर्यत संपताच कोसळले. कमी अंतराच्या स्पर्धकांना हवेचा अडथळा कमी झाल्याचा लाभ मिळाला, तर लांब पल्ल्याच्या धावपटूंना प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी पडला. जागा एकच होती, पण तिने एकाला दिले आणि दुसऱ्याकडून काढून घेतले. ‘कुठे धावलात’ हा प्रश्न ‘किती वेळात धावलात’ याच्या आधी का विचारावा, हे मला या एका उदाहरणाने जेवढे पटवले तेवढे दुसऱ्या कशानेही पटवले नाही.

पायवाटेवर तर घड्याळाकडे बघायची सोयच नसते. नजर सतत पुढच्या चार-पाच पावलांवर खिळलेली असते. जमिनीबाहेर आलेले मूळ ओले आणि साल गेलेले असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचे. दगड सुटा वाटला तर त्याच्या शेजारी पाऊल टाकायचे. पालापाचोळा साचलेल्या जागी पाऊल आखूड घ्यायचे, कारण खाली खड्डा आहे की कठीण माती हे पाय टेकल्यावरच कळते. दोन्ही हात तोल सांभाळण्यासाठी आपोआप बाजूला उघडतात. घोट्याभोवतीचे जे बारीक स्नायू रस्त्यावर जवळजवळ निजलेले असतात, ते इथे प्रत्येक पावलाला कामाला लागतात. रस्त्यावर माझे मन दहा ठिकाणी जाऊन येते. पायवाटेवर ते पावलाबरोबर राहते, आणि शरीर दमूनही डोके मोकळे होते. मला सर्वांत प्रिय धावणे हेच. दाट झाडीखाली जीपीएसचे अंतरही बरेचदा चुकते, त्यामुळे तिथला पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, मी वहीत लिहीतच नाही.

वाळूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मऊ, कोरड्या वाळूत तोच वेग राखायला कठीण जमिनीच्या दीडपटीहून अधिक शक्ती लागते, तेव्हा तिथे वेगाची अपेक्षाच ठेवू नये.

ट्रेडमिलला नावे ठेवण्याची रीत मात्र मला मान्य नाही. पट्टा आपल्यासाठी धावतो, हा समज चुकीचा आहे. समान वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यावर पायांना जमिनीइतकेच काम पडते. फरक पडतो तो समोरून येणाऱ्या हवेचा अडथळा नसल्याने, आणि म्हणूनच वेगाने धावताना एक टक्का चढ ठेवण्याची पद्धत आहे. हीच न वाहणारी हवा घाम सुकू देत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते आणि नाडी चढते. पंखा नसेल तर वेग कमी करण्यात काहीही कमीपणा नाही. एकाच वेगाला चिकटून राहण्याचा सराव मला ट्रेडमिलएवढा चांगला दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही.

उद्या टेकडी आहे. चढावर पेस पाहायचा नाही, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा. खरी काळजी घ्यायची ती उतरताना, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्यांचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. परवा ट्रॅकवर १००० मीटरच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत. म्हणून उद्या टेकडीचा शेवटचा तीव्र उतार मी चालत उतरणार आहे.