स्वभावाला औषध नाही म्हणे

कराडात आमचं मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. शेड्यूल एच-वन नावाची औषधांची एक यादी 2014 पासून लागू आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या बऱ्याच गोळ्या तिच्यात येतात. त्या देताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे रजिस्टरला चढवावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. नाव विचारलं की समोरचा माणूस आधी मागं कोण उभं आहे ते बघतो. "लिहायलाच पाहिजे का हो?" यातली बरीच गिऱ्हाइकं उंब्रज-पाटणकडची. आमच्या पेठेतले लोक ह्याच गोळ्यांसाठी कोल्हापूर गाठतात. कोल्हापूरचे पुण्याला जात असावेत.

मीही मुलीला घेऊन कोल्हापूरलाच गेलो होतो. हे तिला विचारून लिहितोय. ती आता एकोणीस वर्षांची आहे. तिनं मजकूर वाचला, दोन परिच्छेद उडवले आणि "ड्रामा क्वीन हा शब्द मात्र राहू दे" म्हणाली.

अकरावीत वर्गातल्या पोरांनी तिला ठेवलेलं ते नाव. तेव्हा तिला एक मैत्रीण होती, जीव की प्राण. त्या मुलीनं संध्याकाळी मेसेजला उत्तर दिलं नाही की आमच्या घरात रात्र उजाडेपर्यंत जागी. आधी रडणं, मग तिला नाही नाही ते लिहिणं, मग पहाटे पाच वाजता माफीचे पन्नास मेसेज. दुपारपर्यंत दोघी पुन्हा गळ्यात गळे घालून. आईवर कधी जीव ओवाळून टाकायची, तर कधी "तू माझी आईच नाहीस". एप्रिलच्या उन्हात फुल बाह्या घालायला लागली तेव्हा आमच्या हिनं एकदा बाही वर केली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो.

पहिल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत गोळी लिहिली. दुसऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अशा केसेस मी घेत नाही, फार त्रास देतात." पोरगी बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.

तिसऱ्या बाई भल्या निघाल्या. त्यांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी), म्हणजे भावना आणि नाती सारखी टोकं गाठतात असा व्यक्तिमत्त्वाचा विकार, हे नाव घेतलं, पण फाइलवर लिहावं का, हे आमच्यावर सोडलं. वय कमी आहे म्हणून पुष्कळ डॉक्टर लिहीत नाहीत. पण पुस्तकात तशी मनाई नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तकाप्रमाणे लक्षणं किमान वर्षभर टिकलेली असली तर अठराच्या आतही हे निदान करता येतं. अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायची सक्ती आहे ती व्यक्तिमत्त्वाच्या विकारांतल्या फक्त समाजविघातक प्रकाराला. मी म्हटलं, लिहा. नाव नसेल तर उपचार कशावर करणार? आमची ही म्हणाली, "उद्या हिचं लग्न करायचंय, तुम्ही कागदावर आणू नका." यात ती अडाणी आणि मी शहाणा असं काही नव्हतं. तिला आमचे नातेवाईक माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

पोरीनं तोवर इंटरनेटवरून नऊ लक्षणांची यादी काढली होती. पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करून कागद माझ्यापुढं टाकला. "पप्पा, पास व्हायला पाच लागतात. मला सात पडले." त्या दिवसांत ती हसलेली मला तेवढीच आठवते.

आता आक्काची गोष्ट. आक्का माझी थोरली बहीण. तिच्या सासरी एका पुतण्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा सगळं घर हबकलं, गाणगापूर झालं, अंगारे झाले, मग मिरजेचे डॉक्टर झाले. त्याच्यासाठी आक्का आजही शनिवार धरते. पण माझ्या मुलीबद्दल ती काय म्हणाली? "दोन ठिवून दे थोबाडीत, सरळ हुतीया का न्हाई बघ. लई लाडावून ठिवलीया." मला रागापेक्षा नवल वाटलं. पुतण्याला निदान भूतबाधा तरी मिळाली. माझ्या पोरीला कुणी भूतबाधाही देईना! तिला मिळाली ती थेरं, नाटकं, तमाशे आणि घरचं वळण.

मला ह्या आजाराबद्दल सांगायचंय ते एवढंच आहे. डिप्रेशन हा शब्द कोविडनंतर माझ्या काउंटरवर लोक मोठ्यानं उच्चारायला लागले. माणूस गप्प पडून राहतो, जेवत नाही, हे दुखणं म्हणून पटतं. पण जे पोर ओरडतं, दारं आपटतं, आज पाया पडतं आणि उद्या शिव्या घालतं, त्याला आजारी म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. त्यातून ते पंधरा-सोळा वर्षांचं असलं तर वयावर ढकलायला सगळे मोकळे. वयात आलेली पोरं चिडतातच की. चिडतात, पण त्यापायी स्वतःचा जीव नकोसा होत नाही.

कॉलेजनं मात्र वयावर ढकललं नाही. एका मॅडमना आम्ही विश्वासानं सांगितलं होतं. आठवड्यात वर्गभर झालं. मग "वर्गात बसायला हरकत नाही" असं डॉक्टरचं पत्र मागितलं. टायफॉइड झालेल्या पोराकडं कुणी मागत नाही असलं पत्र. मुलींच्या ग्रुपवर रील फिरायला लागल्या, बीपीडीवाली गर्लफ्रेंड कशी ओळखावी, टॉक्सिक माणसापासून कसं सुटावं. ती जीव की प्राण मैत्रीण त्याच रीलला बदाम टाकत होती. पोरगी मला म्हणाली, "पप्पा, खरंच आहे ते. मी तशीच आहे." लोकांचं बोलणं एक वेळ सोसता येतं. ते तिनं स्वतःच उचललं, तिथं मला काही सुचेना.

आमच्याकडं म्हणतात, स्वभावाला औषध नाही. औषधाच्या दुकानदाराला हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. पण अर्ध्यापुरतं ते खरंही निघालं. ह्या दुखण्यावर म्हणून मान्य झालेली एकही गोळी नाही. चार भिंती भरून गोळ्या आहेत माझ्याकडं, पण त्या झोपेला, उदासीला, सोबतीच्या त्रासाला. मूळ उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा. डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, नावाची पद्धत आहे. मार्शा लाइनहान ह्या अमेरिकन बाईंनी ती काढली आणि 1993 साली तिचं पुस्तक आणलं. त्या बाई स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात होत्या, आणि हे त्यांनी जगाला सांगितलं 2011 साली, पासष्टी उलटल्यावर. एवढ्या नावाजलेल्या बाईला इतकी वर्षं लागली, मग आमच्या मॅडमच्या वर्गातल्या पोरीचं काय.

पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं दर आठवड्याला ऑनलाइन सत्र सुरू झालं. रोज रात्री एक तक्ता भरायचा, भावना कुठवर चढली, काय करावंसं वाटलं, काय केलं. पूर फारच चढला तर चेहऱ्यावर बर्फासारखं गार काहीतरी धरायचं. डोळ्यांखाली, गालांवर गार पडलं की हृदयाचे ठोके मंदावतात, पाण्यात बुडी मारल्यावर मंदावतात तसे. इन्सुलिनच्या खोक्यातून जे जेल पॅक येतात ते मी दुकानाच्या फ्रीजमध्ये साठवून ठेवायला लागलो. कधी भर गर्दीत ती मागच्या दारानं यायची, न बोलता पॅक घ्यायची आणि सलाइनच्या खोक्यांवर बसून तोंडाला लावायची. मी बिलं करत राहायचो. थोड्या वेळानं उठून म्हणायची, "पप्पा, चहा सांगा."

आणि स्वभाव बदलत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या ह्याच विकाराच्या 290 रुग्णांचा 1992 पासून पाठपुरावा केला गेला. दहा वर्षांत त्यातल्या 93 टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी इतकी ओसरली होती की निदानच लागू होईना. नोकरी, नाती, सगळं सुरळीत झालं असे मात्र निम्मेच. हाही आकडा सांगितलाच पाहिजे, नाहीतर मी औषधाच्या जाहिरातीसारखं बोलेन.

इन्शुरन्सचं थोडक्यात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 21 सांगतं की शारीरिक आजाराला विमा मिळतो तसाच मानसिक आजारालाही द्यायचा. आमचा एजंट सांगतो, "फॉर्मवर लिहू नका साहेब, उगाच अडकेल."

दुकानात मी टेलिमानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लावलाय, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी दारावर लावला होता, कुणी ढुंकून बघेना. मग पैसे द्यायच्या क्यूआर कोडच्या बरोबर खाली लावला. आता लोक स्कॅन करायच्या निमित्तानं फोन पुढं धरतात आणि हळूच फोटो काढतात. कळतं मला. मी सुट्टे पैसे शोधत बसतो.

पोरगी सध्या कोल्हापूरला शिकते. हॉस्टेलचा नवा फॉर्म आलाय, त्यात "कोणताही आजार असल्यास" असा रकाना आहे. मी म्हणतो लिही, रात्री-अपरात्री काही झालं तर रेक्टरना माहीत असावं. आई म्हणते धुळीची ॲलर्जी लिही, ती पण आहेच की. फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. तिनं अजून काही लिहिलेलं नाही, आणि मला विचारत होती की त्या मॅडमसारख्या ह्या रेक्टर निघाल्या तर पप्पा तुम्ही काय करणार.