बंदर रद्द होणार हे धरूनच लांबच्या क्रूझची तयारी करा

लांबच्या क्रूझचं माहितीपत्रक आलं की आपण आधी बंदरांची नावं वाचतो. त्याऐवजी नावांशेजारची खूण बघा. 'टेंडर' असं लिहिलेलं असेल किंवा नांगराचं चिन्ह असेल, तर तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. सगळ्यात जास्त रद्द होतात ती हीच बंदरं. फॉकलंडमधलं पोर्ट स्टॅन्ली आणि पॅसिफिकमधलं ईस्टर आयलंड ही त्यातली ठळक नावं. ईस्टर आयलंडभोवती तर चारी बाजूंनी उघडा महासागर आहे. अशाच एका बेटासाठी तुम्ही जोडीने, दोघं मिळून, एवढी मोठी सफर घेणार असाल, तर आमचं स्पष्ट मत आहे की तिथे विमानाने जा.

लख्ख ऊन पडलेलं असतं, बेट समोर दिसत असतं आणि कप्तान जाहीर करतो की उतरता येणार नाही. अशा वेळी लोक फार चिडतात. पण कारण डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. हजारो किलोमीटरवरच्या वादळात उठलेल्या लांब लाटा, ज्यांना खलाशी 'स्वेल' म्हणतात, काही दिवसांनी तिथे पोचतात. एका लाटेपासून दुसरीपर्यंत १२ ते १५ सेकंद जात असतील, तर वरच्या डेकवर त्या जेमतेम जाणवतात. खाली, जहाजाच्या कुशीला लावलेला फलाट आणि टेंडर बोट मात्र एका लयीत वरखाली होत नाहीत. दोन्हींमध्ये मीटरभराचा फरक पडला तरी पाऊल टाकणाऱ्याचा पाय चिरडू शकतो. शिवाय सकाळी उतरवलेली माणसं संध्याकाळी परत घेता येतील का, हेही कप्तानाला आधीच ठरवावं लागतं.

धक्क्याच्या बंदरांना त्रास असतो तो वाऱ्याचा. जहाजाची उंच बाजू शिडासारखा वारा धरते. वारा ३० नॉटच्या, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास गेला की अरुंद बंदरात शिरणं अनेकदा टाळलं जातं. समुद्र खवळलेला असेल तर बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला आत आणणारा स्थानिक वाटाड्या, दोरशिडीवरून जहाजावर चढूच शकत नाही, आणि बहुतेक बंदरांत पायलटशिवाय प्रवेश नसतो.

मार्गच बदलतो तेव्हा हिशोब वेगळा असतो. १८ नॉटने चालणारं जहाज २४ तासांत ४३२ सागरी मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर जातं. जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत (प्रोपल्शन) बिघाड होऊन वेग दोन-तीन नॉटने जरी कमी झाला, तरी लांब टप्प्यावर अख्खा दिवस हातचा जातो आणि पुढचं एखादं बंदर गळतं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक क्रूझ सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. कोणतं बंदर गळेल हे कधीकधी कायदाही ठरवतो. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून हवाई बेटं करून परत अमेरिकेत यायचं असेल, तर वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून मेक्सिकोतल्या एन्सेनाडाचा काही तासांचा थांबा टिकतो आणि हवाईतलं एखादं सुंदर बंदर जातं.

पैशांचं म्हणाल तर करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीकडेच असतो. चुकलेल्या बंदराचा कर सहसा तुमच्या जहाजावरच्या खात्यात जमा होतो, जहाजातर्फे घेतलेल्या सहलीचे पैसेही परत मिळतात. बाहेरून ठरवलेल्या सहलीचं तसं नसतं. तिथे 'जहाज न आल्यास पूर्ण परतावा' हे लेखी घ्या. विम्यात चुकलेल्या बंदराची भरपाई अनेकदा वेगळं कलम म्हणून घ्यावी लागते. समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च मात्र विम्यात हवाच, त्यात काटकसर नको.

व्हिसा बहुप्रवेशी घ्या आणि त्याची मुदत सफरीच्या पुढे थोडी मोकळी ठेवा. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून, बाहेर पडून जहाज परत तिथल्याच बंदरात आलं, तर एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. मार्ग आफ्रिकेकडे वळला तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागितला जाऊ शकतो. लस घेतल्यावर १० दिवसांनी तो लागू होतो आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतो. त्यामुळे वय आणि तब्येत बघून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

रोजची औषधं दोन-तीन आठवड्यांची जास्त घ्या आणि दोघांच्या हातातल्या बॅगांत निम्मी-निम्मी वाटा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. कानामागची स्कोपोलामाइनची पट्टी ७२ तास चालते, पण काचबिंदू असेल तर लावू नये.

आता दोघांमधल्या गोष्टी. निघण्याआधी प्रत्येकाने आपापली 'हे बंदर हवंच' अशी यादी वेगळी करून मग ताडून पाहावी. एकाला बरं नसेल तर दुसऱ्याने उतरायचं की नाही, हे घरीच ठरवा. तिथे, गँगवेसमोर म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेवर, ते नीट ठरत नाही. रद्द झालेला दिवस समुद्रावरच जातो आणि साधारण १५ ते १८ चौरस मीटरच्या केबिनमध्ये सलग चार दिवस कुणालाही जड जातात. त्यामुळे दोघांनी रोज काही तास वेगवेगळे घालवणं चांगलं. पैशांचं कार्ड आणि पासपोर्टची प्रत दोघांकडे स्वतंत्र असू द्या.

किनाऱ्यावर जाताना जहाजाची वेळ दाखवणारं साधं घड्याळ मनगटावर ठेवा. फोन स्थानिक वेळ आपोआप पकडतो आणि जहाजाची वेळ तीच असेल असं नाही. शेवटच्या टेंडरची वेळ दोघांनी लिहून घ्या. परतीचं विमान जहाजावरून उतरण्याच्या दिवशी सकाळचं घेऊ नका. दुसऱ्या दिवशीचं आणि तारीख बदलता येईल असं तिकीट काढा.