तुम्ही विचारलंत म्हणून: विस्कटलेल्या प्लाझ्मातून शिस्तीचा प्रकाश

लेझर आणि प्लाझ्मा या विषयावर बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. कधी एमएस्सीचा विद्यार्थी विचारतो, कधी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकबाई: "धातूवर लेझर मारला, अणू फुटले, इलेक्ट्रॉन सैरावैरा झाले. एवढ्या गोंधळातून लेझरसारखाच शिस्तीचा प्रकाश निघतो कसा? आणि निघाला, तरी त्यावर ताबा कसा ठेवता?"

प्रश्नातली शंका अगदी रास्त आहे. तापलेला प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू (आयन) आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांचा वायू, स्वतःहून जो प्रकाश देतो, तो विस्कटलेलाच असतो. अत्याधुनिक चिप छापायच्या यंत्रात कथिलाच्या थेंबांवर लेझर मारून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढतात. तो चहूकडे फाकतो, आरशानं गोळा करावा लागतो. हार्मोनिकचा, म्हणजे लेझरच्या वारंवारतेच्या पूर्ण पटींचा, प्रकाश तसा नाही, कारण त्यातली शिस्त लेझरच्या लहरीकडून आलेली असते.

८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरचं एक आवर्तन साधारण २.७ फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) पुरं होतं. तेवढ्यात त्याचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला अणूतून ओढून काढतं, दूर नेतं आणि दिशा पालटली की परत आणून त्याच आयनावर आदळतं. इलेक्ट्रॉननं वाटेत कमावलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. दर अर्ध्या आवर्तनाला हेच घडतं, म्हणून मूळ वारंवारतेच्या ३, ५, ७ अशा विषम पटींचा प्रकाश मिळतो. अणूंना एकमेकांची खबर नसते, पण सगळ्यांना ठेका देणारी लहर एकच असते. वायूंमधल्या याच प्रक्रियेतून ॲटोसेकंदांची (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) प्रकाश-स्पंदनं मिळाली आणि २०२३ चं भौतिकीचं नोबेल त्या कामाला गेलं.

मग वायू सोडून धातूच्या प्लाझ्माच्या मागे का लागायचं? सोयीचे वायू मोजकेच आहेत. घन पदार्थ घेतले की जवळजवळ सगळी आवर्तसारणी हाताशी येते. इंडियमचंच बघा. २००६ मध्ये उझबेकिस्तानचे रशीद गनीव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियमच्या प्लाझ्मात तेरावा हार्मोनिक, म्हणजे ६१ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, शेजारच्या हार्मोनिकांपेक्षा जवळजवळ शंभरपट तेजस्वी झालेला दाखवला. इंडियमच्या आयनाचं एक जोरकस संक्रमण (इलेक्ट्रॉनची एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर उडी) नेमकं त्याच्या जवळ, ६२.२ नॅनोमीटरला आहे. लेझरच्या स्पंदातले (क्षणिक झोतातले) रंग एकामागून एक येतील असे थोडे पसरवले, की हार्मोनिकची तरंगलांबी किंचित सरकते आणि तो त्या संक्रमणाच्या जवळ आणता किंवा दूर नेता येतो. प्रयोगशाळेत त्यासाठी कॉम्प्रेसरमधल्या (स्पंद आखूड करणाऱ्या भागातल्या) ग्रेटिंगांमधलं, म्हणजे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्ट्यांमधलं, अंतर बदलतात. गनीव यांनी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या गटाबरोबरही अशा प्लाझ्मांवर पुष्कळ काम केलं आहे.

पण ताब्याचा मोठा भाग मुख्य स्पंद येण्याआधीच ठरून जातो. आधी एक सौम्य, लांब स्पंद धातूवर पडतो आणि वाफेसारखा प्लाझ्मा वर उठवतो. काही डझन नॅनोसेकंद थांबायचं, आणि मग पृष्ठभागापासून शंभरेक मायक्रॉनवरून फेम्टोसेकंदांचा स्पंद त्यातून न्यायचा. पहिला स्पंद कमी पडला तर प्रकाश द्यायला पुरेसे अणूच नसतात. जास्त झाला तर मोकळे इलेक्ट्रॉन इतके वाढतात, की मूळ लहर आणि हार्मोनिक यांचा वेग जुळत नाही. पुढच्या अणूचा प्रकाश मागच्याच्या विरुद्ध कलेत (एकाचा चढ तिथं दुसऱ्याचा उतार) येतो आणि दोघे एकमेकांना खोडतात. एवढा प्रकाश तयार होऊनही पदरात काहीच पडत नाही. यातलं सगळ्यात नाजूक काम कुठलं म्हणाल, तर मी हेच सांगेन.

लेझर आणखी तीव्र केला, दर चौरस सेंटिमीटरला १ वर १८ शून्यं इतके वॅट किंवा त्याहून जास्त, की सगळा मामलाच बदलतो. तिथं वाफ नको असते. घनाचा पृष्ठभागच प्लाझ्मा होऊन आरशासारखं काम करतो आणि प्रकाशाच्या वेगाजवळ पुढेमागे हलतो. परतणारी लहर दर आवर्तनाला एकदा दाबली जाते, म्हणून सम आणि विषम दोन्ही पटी मिळतात.

इथं शत्रू असतो मुख्य स्पंदाच्या आधी येणारा बारीकसा प्रकाश. तो दशलक्षांश असला तरी १ वर १२ शून्यं वॅट होतो, आणि तेवढ्यानं पृष्ठभाग आधीच उकळून फुगतो. म्हणून वाटेत आणखी एक प्लाझ्मा-आरसा ठेवतात. दुबळा प्रकाश त्याच्या काचेतून आरपार जातो. मुख्य स्पंद आला की काच क्षणात प्लाझ्मा होते आणि त्याला परावर्तित करते. एवढी सफाई करून झाल्यावर काही पिकोसेकंद (एक म्हणजे हजार फेम्टोसेकंद) आधी एक छोटा स्पंद मुद्दाम पाठवायचा, कारण प्लाझ्माची अगदी धारदार कडाही चालत नाही. घनतेचा उतार तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असला, तर हार्मोनिक जोमानं निघतात. फार पसरला की ढेपाळतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ना, तार तीच, छेड तीच, आणि घोडीवरचा दोरा केसभर सरकला की स्वर खुलतो किंवा मिटतो, तसं हे आहे. फक्त आमचा दोरा ऐंशीएक नॅनोमीटरचा आणि प्रत्येक स्पंदाला नव्यानं लावायचा.

सध्या जीव अडकला आहे तो या 'प्रत्येक स्पंदाला' या शब्दांत. धातूवर एकदा मारा झाला की तिथं खड्डा पडतो, पुढचा प्लाझ्मा आधीच्यासारखा उठत नाही. म्हणून लक्ष्य सपाट पट्टीऐवजी फिरता दांडा ठेवतात, आणि सेकंदाला हजार स्पंद मारताना प्रत्येकाला निराळी जागा मिळेल इतपत तो फिरवतात.