झाडांची ना-हरकत

नाटकाच्या सेटसाठी १२ फ्लॅट, म्हणजे कापड ताणून लावलेल्या लाकडी चौकटी, बनवायला आम्हाला १८ दिवस लागले. तेच फ्लॅट एका रात्रीपुरते नाट्यगृहात ठेवण्याची परवानगी मिळायला २३. मे महिन्याच्या सुट्टीत दर शनिवारी आणि रविवारी सकाळी दहाला बालनाट्याचे प्रयोग करायचे, असे आमच्या हौशी संस्थेने ठरवले होते. नाटके तीन, कलाकारसंच एकच, आणि नेपथ्याची जबाबदारी माझ्याकडे. दुपारी व रात्री त्याच रंगमंचावर व्यावसायिक नाटके असत, त्यामुळे आठला आत शिरायचे, दहाला तिसरी घंटा द्यायची आणि एकच्या आत रंगमंच मोकळा करायचा, असे बांधलेले गणित होते.

मागे एक रंगवलेला पडदा सोडून तिन्ही नाटके उरकावीत, असे काही जाणत्यांचे म्हणणे पडले. मला ते मान्य नव्हते. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर ही बालनाट्यसंस्था सुरू केली, त्याला साठ वर्षे उलटून गेल्यावरही मुलांच्या नाटकाचे नेपथ्य म्हणजे उरलेसुरले सामान, ही समजूत जात नाही, याची मला चीड आहे. तेव्हा प्रत्येक फ्लॅट दोन्ही बाजूंनी कापड लावून रंगवला: एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला राजवाडा. तिसऱ्या नाटकातली चाळ दोन लेव्हल (लाकडी चौथरे) आणि एका लाकडी कठड्यावर भागवली.

बांधणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाइनच्या पट्ट्यांची १० फूट उंच व ४ फूट रुंद चौकट, त्यावर मांजरपाट. कापड मात्र तबल्यासारखे ताणून ठोकू नये; रंगाआधीच्या अस्तराचा हात बसला की ते आकसते आणि चौकट पिळवटते. आमचे पहिले दोन फ्लॅट असेच वाकडे झाले आणि ते अखेरपर्यंत विंगेच्या आडोशाला उभे राहिले.

खरा प्रश्न शनिवारच्या रात्रीचा होता. शनिवारी दुपारी सगळा सेट टेंपोत भरून गोदामात न्यायचा आणि रविवारी पहाटे तोच पुन्हा आणायचा, यात भाडे दुप्पट होई आणि रंगमंच कामगारांची नाइट, म्हणजे मजुरीही, वाढे. रंगमंचामागच्या बोळात फ्लॅट रात्रभर ठेवू द्यावेत, एवढाच अर्ज मी एप्रिलच्या अखेरीस नाट्यगृहाच्या कार्यालयात दिला. तिथल्या कारकुनांनी तो वाचून परत केला, कारण सामानाची यादी जोडलेली नव्हती. यादी जोडली, तर मापे नव्हती. मापे लिहून नेली, तेव्हा त्यांची नजर ‘कापड’ या शब्दावर अडली.

“मॅडम, कापड आलं की आग आली. अग्निशमनचा दाखला आणा.”

मी अग्निशमन केंद्रावर गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “अहो ताई, आम्ही इमारतीला ना-हरकत देतो, झाडाला कशी देणार?” त्यांचे चूक नव्हते, आणि म्हणूनच माझी अधिक चिडचिड झाली. पुढचा आठवडा मी या दोन कार्यालयांच्या मध्ये, भर उन्हात, त्याच चार कागदांची पिशवी घेऊन हेलपाटे घालण्यात काढला. कार्यालय म्हणे, दाखल्याशिवाय नाही. केंद्र म्हणे, असा दाखला आमच्याकडे नसतोच.

अखेर मी त्या मांजरपाटाची चिंधीच केंद्रावर नेली. फ्लॅट रंगवण्याआधी कापडावर टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून फवारली होती. (हे रंगाच्या आधीच करावे, नंतर केले तर रंगावर पांढरट डाग उमटतात.) अधिकाऱ्यांनी आवारात चिंधी चिमट्यात उभी धरली, खाली काडी पेटवली आणि बारापर्यंत आकडे मोजले. कोपरा काळवंडला, थोडा धूर आला, पण काडी बाजूला घेताच ज्वाला विझली. दाखला त्यांनी तरीही दिला नाही. “तुम्हीच लिहून द्या की कापडाला प्रक्रिया केली आहे. मी पोच देतो,” एवढेच म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून लिहिले आणि त्यावर आवक क्रमांकाचा गोल शिक्का पडला. नाट्यगृहात कारकुनांनी तो शिक्का पाहिला, मजकूर वाचलाही नाही, आणि कागद फायलीत लावला. त्यानंतर व्यवस्थापक सहा दिवस रजेवर होते.

परवानगी हाती आली तेव्हा एकच शनिवार-रविवार उरला होता. त्या शनिवारी कळले, की बोळात वातानुकूलन यंत्रणेचा पाइप ९ फुटांवर आहे आणि आमचे फ्लॅट १० फुटांचे. अर्ज करण्याआधी टेप घेऊन बोळ मोजायला हवा होता, हे मला सुचले नव्हते. फ्लॅट लांब कडेवर आडवे लावले आणि जंगल राजवाड्याला घासू नये म्हणून घरून आणलेल्या जुन्या चादरी मध्ये घातल्या.

रविवारी मात्र सेट ३५ मिनिटांत उभा राहिला. बिजागऱ्यांतल्या मूळ सळया काढून त्यांत वाकवलेले खिळे घातले होते. खिळा ओढला की फ्लॅट सुटे. जमिनीत खिळे ठोकायला मनाई, म्हणून फ्लॅटला मागून आधार देणाऱ्या ब्रेसवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. जागेच्या खुणा खडूने करू नयेत, रात्रीच्या नाटकाआधी फरशी पुसली जाते. आम्ही हिरवी चिकटपट्टी लावली होती, कारण पांढऱ्या पट्ट्या व्यावसायिक नाटकवाल्यांच्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात आमची विहीर त्यांच्या सोफ्याच्या खुणेवर उभी राहिली होती.

यंदाचा अर्ज मी जानेवारीतच दिला आहे. चिंधी सोबत जोडली असून आवक क्रमांक मिळाला आहे.