तुम्ही विचारलंत म्हणून: रिपब्लिकन मतपत्रिका

"मावशी, तू आणि रिपब्लिकन?" पुण्याचा भाचा दर निवडणुकीला फोनवर हे विचारतो. इथे अमेरिकेतल्या मराठी मंडळात तोच प्रश्न जरा सभ्यपणे येतो, बहुधा गणपतीच्या जेवणाच्या रांगेत: "तुम्ही एवढ्या पुरोगामी, मग वॉल्टर जोन्ससारख्या रिपब्लिकन खासदाराला मत कसं दिलंत हो?" इतकी वर्षं हसून टाळलं. परवा मात्र विचारणाऱ्या बाई ताट हातात धरून उत्तरासाठी थांबल्याच. तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या जॅक्सनव्हिलमध्ये मी सतरा वर्षं फार्मासिस्ट होते. गावाला लागूनच कॅम्प लेजून, मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाचा मोठा तळ. एखादी तुकडी परदेशी गेली की न्हाव्यांच्या दुकानांत शुकशुकाट व्हायचा आणि आमच्या काउंटरवर झोपेच्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शन्स वाढायची. तुकडी परतायची झाली की हायवे 24 लगतच्या कुंपणावर चादरी लागत. खरोखरच्या पलंगावरच्या चादरी, त्यावर स्प्रेने लिहिलेलं 'वेलकम होम डॅडी', पावसाने ओघळलेलं. कुणाची चादर लगेच उतरली आणि कुणाची तशीच राहिली, हे गाडीतून बघत जायची मला नको ती सवय लागली होती.

त्याच गावात बैरुट मेमोरियल आहे. 23 ऑक्टोबर 1983 ला लेबनॉनमध्ये बराकीवर ट्रकबॉम्ब आदळला आणि 241 अमेरिकन सैनिक गेले. त्यातले कितीतरी याच तळावरचे. भिंतीवर त्यांची नावं आहेत आणि एक छोटीशी ओळ, की ते शांततेसाठी आले होते. त्यानंतर काही महिन्यांतच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी मरीन्सना बैरुटमधून काढून घेतलं. रीगन म्हणजे रिपब्लिकनांचं दैवत, पण ही गोष्ट त्यांच्या आरतीत सहसा येत नाही.

तर जोन्स. 1995 पासून 2019 मध्ये मृत्यू होईपर्यंत आमच्या मतदारसंघाचे खासदार. 2002 च्या ऑक्टोबरात इराक युद्धाच्या ठरावाला त्यांनी हो म्हटलं. प्रतिनिधिगृहात फक्त सहा रिपब्लिकनांनी नाही म्हटलं होतं. रॉन पॉल त्यातले एक, जोन्स नव्हेत. वर फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून संसदेच्या कँटीनमधल्या 'फ्रेंच फ्राइज'चं 'फ्रीडम फ्राइज' असं बारसं करण्यातही हे पुढे. युद्धाचा राग बटाट्यावर काढणारा माणूस, म्हणून मी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती.

मग इराकमधल्या नासिरियात मारल्या गेलेल्या एका सार्जंटच्या अंत्यविधीला ते एप्रिल 2003 मध्ये लेजूनवर आले. त्या सार्जंटला नुकतीच जुळी झाली होती, ती त्याने पाहिलीही नव्हती. त्याच्या बायकोने त्याचं शेवटचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. त्यानंतर जोन्स मृत सैनिकांच्या घरच्यांना पत्रं पाठवायला लागले, प्रत्येकावर स्वतः सही करून. इराक आणि अफगाणिस्तान मिळून 11 हजारांहून जास्त पत्रं झाली. हे आपलं प्रायश्चित्त आहे, असं ते उघड सांगत. वॉशिंग्टनच्या ऑफिसाबाहेर त्यांनी मृतांचे फोटो लावले आणि 2005 मध्ये, आपल्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना, सैन्य परत आणायची तारीख ठरवा म्हणून मागणी केली.

सहा मे 2008. नागरिक झाल्यानंतरचं माझं पहिलंच मतदान, तेही प्राथमिक फेरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं. कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदाराला आमच्या राज्यात कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. त्या दिवशी डेमोक्रॅटांत ओबामा विरुद्ध हिलरी अशी झुंज होती. टेबलामागच्या आजीबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत "डेमोक्रॅटिक ना, हनी?" म्हणून कागद पुढे केला. मी म्हटलं, रिपब्लिकन. त्यांनी चष्मा नीट केला आणि मला पुन्हा विचारलं.

ओबामांसाठी लाखो माणसं उभी होती. जोन्सना मात्र त्यांच्याच पक्षातून आव्हान होतं, आणि आक्षेप हाच की हा माणूस युद्धाच्या विरोधात गेला. लष्कराच्या जिवावर जगणाऱ्या गावात! ते जिंकले. नोव्हेंबरात मी वर ओबामा आणि खाली जोन्स अशी खूण केली. नवरा म्हणाला, हे म्हणजे सोवळं नेसून कोंबडी खाण्यासारखं झालं.

आता तुमचा खरा आक्षेप. गर्भपात, समलिंगी विवाह, स्थलांतरित या सगळ्यांवर जोन्स कडवे होते. ती मतं मला तेव्हा पटली नाहीत, आजही पटत नाहीत, आणि ती किरकोळ आहेत असंही मी म्हणणार नाही. ज्यांना त्यांची झळ बसते त्यांनी मला जाब विचारला तर मी निमूट ऐकून घेते. पण युद्धाच्या बाबतीत त्यांचा सनातनीपणाच मला उपयोगी वाटला. त्यांचं म्हणणं जुन्या वळणाचं होतं: राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात युद्ध पुकारायचा अधिकार संसदेला दिलाय, राष्ट्राध्यक्षाला नाही. संसदेने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं 1942 मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं त्यानंतरचं. शिवाय पैसा कर्जाऊ. माझी आई म्हणायची, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. जोन्स यांची भाषणं ऐकताना मला आईच आठवायची.

2011 मध्ये माझ्या लाडक्या ओबामांनी संसदेला न विचारता लिबियावर बॉम्ब टाकले. माझ्या ओळखीतले सगळे युद्धविरोधक एकाएकी कामात गर्क झाले. जोन्स मात्र ओहायोचे डेमोक्रॅट डेनिस कुसिनिच आणि इतर काही खासदारांबरोबर राष्ट्राध्यक्षांविरुद्ध कोर्टात गेले. कोर्टाने दावा फेटाळला. पुढच्या वर्षी त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांना अर्थविषयक समितीवरून काढलं. दुसऱ्याच्या पक्षाने लादलेलं युद्ध कुणालाही दिसतं. आपल्या पक्षाचं दिसतं का, एवढंच मी बघते. जून 2025 मध्ये इराणचा प्रश्न पेटला तेव्हा केंटकीचे रिपब्लिकन खासदार थॉमस मॅसी आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभे राहिले, कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट रो खन्ना यांना सोबत घेऊन. मॅसींचीही बरीच मतं ऐकून मी टीव्ही बंद करते. त्या एका आठवड्यात मात्र केला नाही.

एवढं ऐकून मंडळातल्या बाई म्हणाल्या, "पण इराकशी तुमचा काय संबंध?" आहे. माझं आजोळ साताऱ्याजवळ. तिकडे फौज म्हणजे घरचाच धंदा. तिथल्या एकट्या अपशिंगे गावची 46 माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली. इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी सहावी डिव्हिजन उतरवली तिचं नावच पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल 1916 मध्ये कुत इथे उपाशीपोटी तिला शरण जावं लागलं. माझे पणजोबा 'बसऱ्याला' गेले ते गेलेच. कुठली पलटण, कुठली लढाई, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. त्या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला होतं, ते सद्दामच्या हुकुमाने 1997 मध्ये नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं. हो, तेच नासिरिया. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा.

आमच्या काउंटरवर एक बाई दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या. मुलगा इराकमध्ये गेलेला. एकदा प्रिस्क्रिप्शन शोधताना पर्समधून एक लिफाफा बाहेर आला, घड्यांवर फाटायला आलेला. जोन्स यांचं पत्र. त्यांनी ते उलगडलं, बोट जिभेला लावून सहीच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवलं. शाई पसरली. "बघ, मशीनची नाही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या पहिल्या मतासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही." पत्र पुन्हा त्याच घड्यांवर दुमडलं, पर्सची चेन लावली आणि विचारलं, नवीन गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर.