४०१२० क्रमांकाचे दार : आमची वाटचाल

आमच्या गाळ्याच्या पाटीवर आजही 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, संगणक दुरुस्ती' एवढेच लिहिलेले आहे, त्यामुळे नागपुरात प्रतापनगरच्या रस्त्यावरून जाताना ती पाटी वाचणाऱ्याला आत बसलेली आम्ही तीन माणसे दिवसभर काल्पनिक शहरांचा कारभार पाहतो, याची कल्पना येणे शक्य नाही. फर्म सुरू झाली ती २०१२ मध्ये, सायबर कॅफे म्हणून. भरती परीक्षांचे अर्ज, दहावी-बारावीचे निकाल आणि रेल्वेची तिकिटे यांवर पहिली काही वर्षे निघाली. पुढे घरोघरी स्मार्टफोन आले आणि संध्याकाळी गेम खेळायला येणारी इंजिनिअरिंगची पोरे हाच दुकानाचा आधार उरला. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तोही सुटला.

त्याच पोरांपैकी एकाचा एप्रिलमध्ये फोन आला. "काका, दुकान बंद आहे, पण मशीन तर चालू ठेवता येईल ना?" त्यांना स्वतःचा रोलप्ले सर्व्हर हवा होता, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवत सगळ्यांनी मिळून खेळायचे स्वतःचे काल्पनिक शहर. जीटीए फाइव्ह हा अमेरिकी शहरात घडणारा, गाड्या आणि गोळीबाराचा गेम संगणकावर २०१५च्या एप्रिलमध्ये आला. त्यावर फाइव्हएम ही प्रणाली बसवली की मूळ कंपनीच्या ऑनलाइन खेळाशी संबंध न ठेवता आपला वेगळा सर्व्हर चालवता येतो, आणि त्यात कोणी पोलीस होतो, कोणी मेकॅनिक, कोणी अ‍ॅम्ब्युलन्सचा चालक. गोळीबारापेक्षा गाडीचे चलान फाडणे आणि त्यावर हुज्जत घालणे यातच मुलांना अधिक रस असतो, हे मला तेव्हा नवलाचे वाटले होते. (२०२३च्या ऑगस्टमध्ये गेमच्या मूळ कंपनीनेच फाइव्हएमच्या चमूला आपल्यात सामील करून घेतले, तोवर आपण करतो ते कितपत अधिकृत आहे, ही शंका माझ्या मनात कायम होती.)

पहिला सर्व्हर कॅफेतल्याच एका संगणकावर उभा राहिला, आणि मे महिना उजाडताच आमचे हाल सुरू झाले. बाहेर पंचेचाळीस अंश, गाळ्यात कूलर लावला तर दमट हवेने यंत्राच्या आतल्या धुळीचा लगदा होई, नाही लावला तर यंत्र तापून बंद पडे. लाईन गेली की इन्व्हर्टर तासभर तग धरी, पण इंटरनेटची खांबावरची पेटी त्याच क्षणी मान टाकी. जूनमध्ये आम्ही मुंबईच्या डेटा सेंटरमधील भाड्याचे यंत्र घेतले. नागपूरहून तिथपर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला पंचवीस-तीस मिलिसेकंद लागत, आणि तेवढा विलंब खेळणाऱ्याला जाणवतही नाही.

मात्र खरी अडचण यंत्राची नव्हती. तेव्हा आम्ही सर्व्हर हाताने सुरू करत होतो: आदेश टंकायची एक काळी खिडकी, एक कॉन्फिगरेशनची, म्हणजे सर्व्हरच्या मांडणीची फाइल, आणि ती बदलण्यासाठी यंत्रात शिरायचा एकच पासवर्ड, जो चार मुलांना ठाऊक होता. कोणी कोणाला हाकलले, कोणी कोणत्या पात्राच्या खात्यात दहा लाख टाकले, याचा हिशेब कोणाकडेच नसे. रात्री एक वाजता एकाने सर्व्हर बंद करावा, दुसऱ्याने सुरू करावा आणि तिसऱ्याने मला फोन करून विचारावे, "काका, तुम्ही काही केलं का?"

टीएक्स-अ‍ॅडमिन हे ब्राउझरमधून सर्व्हर चालवायचे पॅनेल आमच्या हाती आले ते या भांडणांमुळे. ते मुक्तस्रोत आहे आणि फाइव्हएमच्या सर्व्हरच्या फायलींसोबतच येते, म्हणजे विकत घ्यावे लागत नाही आणि वेगळे बसवावेही लागत नाही. सर्व्हरचा प्रोग्राम कोणताही जादा आदेश न देता चालवला की काळ्या खिडकीत चार आकडी पिन दिसतो. ब्राउझरमध्ये त्या यंत्राच्या पत्त्यापुढे ४०१२० हा पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या दाराचा क्रमांक, लिहून पान उघडायचे, पिन टाकायचा आणि मुख्य मालकाचे खाते जोडायचे. त्यानंतर पॅनेल विचारते की रोलप्लेचा कोणता साचा हवा, ईएसएक्स, क्यूबी-कोर की नुसता मोकळा सर्व्हर. खेळाडूंच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसचा पत्ता आणि फाइव्हएमच्या परवान्याची किल्ली दिली की बाकीची जमवाजमव ते स्वतः करते. पहिल्यांदा हे सारे वीस मिनिटांत झाले तेव्हा मी घरी फोन करून जेवायला लवकर येतो असे सांगितले, आणि पोहोचलो मध्यरात्रीनंतर. सर्व्हर यादीत दिसत होता, पण आत कोणालाच जाता येत नव्हते. खेळाचा पोर्ट ३०१२० हा टीसीपी आणि यूडीपी अशा माहितीच्या वाहतुकीच्या दोन्ही प्रकारांत मोकळा असावा लागतो. आम्ही एकच प्रकार उघडला होता, आणि तोही विंडोजच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या कुंपणात. भाड्याच्या यंत्राला बाहेरून आणखी एक कुंपण असते, हे लक्षात यायला तीन तास गेले.

दुसरी फजिती वेळेची. सर्व्हर दिवसातून एक-दोनदा नव्याने सुरू केला तर सुरळीत चालतो, आणि पॅनेलमध्ये त्याचे वेळापत्रक लावता येते; ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून ते खेळाडूंना सूचना देऊ लागते. आम्ही पहाटे ५ आणि संध्याकाळी ६ अशा वेळा लावल्या. संध्याकाळी सहाला काहीच घडले नाही, आणि रात्री साडेअकराला, एका पात्राच्या लग्नाची मिरवणूक शहरभर फिरत असताना, साठ जण एकदम बाहेर फेकले गेले. यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर होते आणि आम्ही साडेपाच तास पुढे जगत होतो. वराने, म्हणजे अमरावतीच्या एका मुलाने, मला फोनवर जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. तेव्हापासून आमच्याकडे नव्या यंत्रावर पहिली तपासणी घड्याळाची होते.

पुढे इतर गटांचे सर्व्हरही आम्ही पैसे घेऊन सांभाळू लागलो. आम्ही विकतो ते पॅनेल बसवून देणे, असा आमचा बरेच दिवस समज होता. बसवायला तर आता कोणीही बसवतो. गिऱ्हाईक महिन्याला १,५०० रुपये देते ते कोणाला कोणते बटण द्यायचे आणि कोणते द्यायचे नाही, हे ठरवून त्यावर ठाम राहण्यासाठी, हे आम्हाला उशिरा उमगले. पॅनेलमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येक सहायकाचे वेगळे खाते असते आणि अधिकार सुटे देता येतात: ताकीद देणे, हाकलणे, बंदी घालणे, पात्र बरे करणे, कन्सोल (तीच काळी खिडकी) नुसते पाहणे, कन्सोलवर आदेश देणे, कॉन्फिगरेशन बदलणे. ज्याने जे केले त्याची नोंद त्याच्या नावावर राहते. एवढी सोय असूनही सर्व्हरचे मालक, ज्यांतले बहुतेक कॉलेजातली मुले, आपल्या जवळच्या पाच मित्रांना सगळे अधिकार एकदम देऊन मोकळे होतात. मित्राला कमी अधिकार देणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटते. हा संकोच मोडण्यासाठी मी सरळ वाईटपणा स्वतःकडे घेतो: "फर्मचा नियम आहे, माझ्या हातात काही नाही." कन्सोलवर आदेश देण्याचा अधिकार आम्ही दोघांपेक्षा जास्त जणांना ठेवत नाही.

या नियमामागे आमचीच एक चूक आहे, आणि तिची किंमत आम्ही मोजली. २०२२ च्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने कुठूनतरी फुकट मिळवलेली गॅरेजची स्क्रिप्ट, म्हणजे खेळात नवी सोय घालणारा छोटा प्रोग्राम, पाठवली, जी एरवी विकत मिळते. आमच्याकडच्या मुलाने ती तपासल्याशिवाय सर्व्हरवर चढवली. मीही शनिवारची गर्दी पाहून विचारले नाही. तीन दिवसांनी पॅनेलमध्ये एक अनोळखी अ‍ॅडमिन दिसला, सगळ्या अधिकारांसह. स्क्रिप्टच्या एका फाइलच्या शेवटी, उजवीकडे शेकडो रिकाम्या जागा सोडून, एकच ओळ लपवली होती: ती बाहेरच्या पत्त्यावरून मजकूर आणून सर्व्हरवर चालवत होती, आणि त्या मजकुरानेच अ‍ॅडमिनांच्या यादीची फाइल बदलली होती. नुसते ते खाते काढून भागणार नव्हते. आम्ही सर्व्हर दोन दिवस बंद ठेवला, यंत्र पुसले, डेटाबेसची आठवडाभर आधीची प्रत परत चढवली, परवान्याची किल्ली आणि सगळे पासवर्ड बदलले. खेळाडूंची आठवड्याची कमाई गेली, आणि गिऱ्हाइकाचा त्या महिन्याचा पैसा आम्ही घेतला नाही. स्क्रिप्ट त्याने दिली होती हे खरे, पण चढवली आम्ही. आता बाहेरून आलेली प्रत्येक स्क्रिप्ट आधी रिकाम्या सर्व्हरवर चालते, आणि पॅनेलचे ४०१२० क्रमांकाचे दार आम्ही बाहेरच्या जगाला उघडे ठेवत नाही; सहायकांना त्याच्यापुढे रखवालदारासारख्या बसवलेल्या एनजिनएक्स या प्रोग्राममधून, एचटीटीपीएसच्या सुरक्षित जोडणीवरून यावे लागते.

मराठीपणाची एक छोटी गोष्ट मात्र सांगायला हवी. काटोलच्या एका गटाने आपल्या सर्व्हरवर संत्र्याच्या ट्रकची नोकरी बनवून घेतली. नकाशा अमेरिकी शहराचाच, पण ट्रक बागेतून निघून नागपूरच्या घाऊक बाजाराच्या नावाच्या 'कळमना मार्केट'ला पोहोचतो आणि तिथे भावावरून घासाघीस होते. मुलांनी पात्रांची नावे देवनागरीत लिहिली, आणि पोलिसांनी पहिल्या ट्रकवाल्याला पकडल्यावर त्याच्या नोंदीत नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हे उमटली. डेटाबेस मारियाडीबी या प्रणालीचा होता, आणि त्याचे तक्ते मूळ ठेवणीप्रमाणे लॅटिन-१ या देवनागरी नसलेल्या अक्षरसंचात तयार झाले होते. सारे तक्ते देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-८-एमबी-४ वर नेले, जोडणीच्या ओळीतही तेच लिहिले, आणि प्रश्नचिन्हांत हरवलेली नावे मुलांकडून पुन्हा टंकून घेतली. नव्या सर्व्हरवर हे काम आम्ही आता न सांगता करतो.

पैशाच्या बाबतीत आम्ही भित्रे आहोत, असे काही गिऱ्हाइके म्हणतात. खेळातला पैसा खऱ्या रुपयांना विकण्याची सोय आम्ही लावून देत नाही, आणि कॅसिनोच्या स्क्रिप्टला तर हातही लावत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हापासून या भित्रेपणाबद्दल कोणी टोमणा मारलेला नाही.

आज आमच्याकडे नऊ सर्व्हर आहेत. झेरॉक्सच्या काउंटरवर, जिथे पूर्वी कॅफेत येणाऱ्यांची नावे लिहून घ्यायचो, ती लांब वही अजून आहे. तिच्या मागच्या पानांवर प्रत्येक सर्व्हरचे अ‍ॅडमिन, त्यांचे अधिकार आणि ते दिल्याची तारीख मी पेनाने लिहितो, आणि दर सोमवारी पॅनेलमधली यादी तिच्याशी ताडून पाहतो. गेल्या सोमवारी एक नाव वहीत नव्हते. मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, "काका, तो माझा सख्खा भाऊ आहे." नाव, नाते आणि तारीख वहीत चढवली, अधिकार ताकीद आणि हाकलणे एवढेच ठेवले, आणि कन्सोलचे बटण काढून घेतले.